मेंदीची एक फांदी, घरचीच मेंदी

ईद असो की घरातलं लग्न, मेंदीशिवाय हात रिकामेच वाटतात. पण बाजारातल्या झटपट ‘काळ्या मेंदी’त अनेकदा केसांच्या डायमधलं पीपीडी हे रसायन असतं. त्याने हातावर फोड येऊ शकतात, डागही राहतात. अस्सल पानांचा रंग नारिंगी ते लालसर तपकिरी असतो, काळाकुट्ट नाही. मग बारमाही हिरवं राहणारं हे झुडूप दारातच का लावू नये? शेजारच्या झाडाची एक फांदी पुरते.

पावसाळ्यात पेन्सिलएवढी जाड, पिकलेली फांदी घ्या. तिचे वीतभर तुकडे करा. खालचा काप पेराच्या लगेच खाली आणि तिरका घ्या, वरचा सरळ. म्हणजे तुकडा उलटा लावला जात नाही. उलटा सहसा रुजतच नाही. खालची पानं काढून दोन पेरं मातीत रोवा. माती आणि वाळू निम्मी-निम्मी घ्या, कुंडीला भोक हवंच. सावलीत ठेवा, ओल हवी, चिखल नको.

काही दिवसांत पालवी फुटते आणि इथेच घाई होते. ती पालवी फांदीतल्या साठ्यावर फुटलेली असते, मुळं अजून आलेली नसतात. उपटून पाहिलंत तर कलम गेलंच समजा. दीड-दोन महिने सब्र करा. हलकं ओढूनही फांदी घट्ट राहिली, की मुळं धरली. मग हळूहळू उन्हात आणा. मेंदीला भरपूर ऊन लागतं.

झाड वाढलं की एक फांदी पुढच्या घरालाही द्या.