प्रियजनांच्या नावाने सायकल : कर्करोगग्रस्तांसाठीच्या निधी-फेरीविषयी



कर्करोगाच्या रुग्णांसाठी निघणाऱ्या सायकल फेरीत भाग घ्यावा काय, त्यातून नेमके काय साधते, आणि दिवंगत आईवडिलांसाठी मिस्सा अर्पण करण्याऐवजी रस्त्यावर सायकल दामटणे शोभते काय, असे प्रश्न श्रद्धावंतांच्या मनात येतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आरंभीच देतो : त्यातील 'ऐवजी' हा शब्द काढून टाकावा. मिस्सा आहेच, फेरी तिच्या जोडीला आहे.

या प्रथेचे एक ठळक मूळ अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सापडते. बिली स्टार या तरुणाची आई १९७४ साली त्वचेच्या कर्करोगाने गेली. १९८० साली त्याने ३५ सोबत्यांना घेऊन स्प्रिंगफील्डपासून समुद्रकाठच्या प्रोव्हिन्सटाऊनपर्यंत सायकल चालवली आणि बोस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेसाठी १०,२०० डॉलर जमवले. तीच फेरी पुढे दरवर्षी निघू लागली आणि तिने जमवलेली एकूण रक्कम आता एक अब्ज डॉलरांच्या पुढे गेली आहे. त्याच १९८० साली कॅनडात टेरी फॉक्स हा तरुण एका कृत्रिम पायावर १४३ दिवस धावला. ५,३७३ किलोमीटर झाल्यावर रोग फुप्फुसांत उतरला म्हणून त्याला थांबावे लागले. पुढच्या वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो देवाघरी गेला.

फेरीचे गणित साधे आहे. सायकलस्वार आपल्या नातलगांकडून, शेजाऱ्यांकडून, कार्यालयातील सहकाऱ्यांकडून आधी वचन घेतो : मी इतके किलोमीटर जाईन, तुम्ही इतकी रक्कम द्यावी. किलोमीटरांनी कोणाचा आजार बरा होत नाही, हे उघड आहे. परंतु मागणाऱ्याने स्वतः घाम गाळायचे कबूल केले असले की देणाऱ्याचा हात लवकर खिशाकडे जातो. आपण कॅथलिकांना ही गोष्ट परकी वाटू नये. मिस्सेला जसा हेतू असतो, पायी यात्रेकरू जसे घरच्या सर्वांचे हेतू मनात घेऊन निघतात, तसाच हाही हेतू. फक्त तो छातीवरच्या कागदावर नाव लिहून उघडपणे वाहिला जातो. इटलीत कोमो सरोवराजवळ घिसाल्लोची पवित्र मरिया हिचे लहानसे मंदिर आहे. १९४९ साली पोप बारावे पायस यांनी तिला सायकलस्वारांची आश्रयदात्री घोषित केले. मृत सायकलपटूंच्या स्मरणार्थ तेथे दिवा तेवत असतो.

आपल्या जवळही उदाहरणे आहेत. नागपूरकरांना टाटा हे नाव १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमुळे परिचित आहे. ती गिरणी उभारणारे जमशेटजी यांचे पुत्र सर दोराबजी. त्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. दोराबजींनी पत्नीच्या स्मरणार्थ त्या रोगाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी स्थापला आणि १९३२ साली तेही गेले. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून १९४१ साली उभे राहिले. आपल्या शहरातील प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली याच रोगाने गेले, हे तेथे केसपेपर काढणाऱ्या किती जणांना ठाऊक असते?

येथे आम्हाला एक कबुली द्यावीशी वाटते. निधनवार्ता छापताना आम्ही वर्षानुवर्षे 'दीर्घ आजाराने' असे लिहीत आलो. कुटुंबीयांची इच्छा तशीच असते. घरात 'मोठा आजार', 'गाठ' असे म्हटले जाते. मुलीचे लग्न ठरायचे आहे, म्हणून रोगाचे नाव उंबऱ्याबाहेर जाऊ दिले जात नाही. या मौनाची किंमत विदर्भात फार मोठी आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, तरी पानठेल्यावर खर्रा घोटला जातोच. त्यातील तंबाखू आणि सुपारी ही दोन्ही कर्करोगकारक आहेत. तोंडातील जखम किंवा पांढरा चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर डॉक्टरांना दाखवायलाच हवा. लाजेने लपवलेला चट्टा उशिरा उघड होतो, आणि तेव्हा उपाय थोडे उरतात. मुलाने वडिलांचे नाव आणि रोगाचे नाव एकाच कागदावर लिहून सिव्हिल लाइन्सच्या रस्त्याने सायकल चालवली, तर पाहणाऱ्यांपैकी एखाद्याला तरी आपल्या गालातला चट्टा आठवेल. फेरीचा हा लाभ आम्हाला निधीपेक्षाही मोठा वाटतो.

दानाचा गाजावाजा करू नये, ही प्रभूची शिकवण आम्ही विसरलेलो नाही. रकमेचा फलक मिरवणे आम्हालाही रुचत नाही. नाव मिरवणे निराळे. ते दात्याचे नसून रुग्णाचे असते.

सहभागी होणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. निधी नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातच जावा, प्रत्येक दात्याला पावती मिळावी आणि पैसा कशासाठी आहे हे आधी विचारावे. गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा येथून नागपूरला येणाऱ्या कुटुंबाला औषधाइतकीच राहण्याची आणि जेवणाची चिंता असते. या खर्चालाही कोणी वाली हवा. नागपूरच्या उन्हाळ्यात फेरी काढण्याचे धाडस कोणी करू नये. हिवाळ्यातील पहाट उत्तम. हेल्मेट आणि पाणी सोबत असावे. स्वतः उपचार घेत असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सायकलीवर बसू नये.

छातीवर नाव लिहिण्यापूर्वी घरच्यांची, आणि रुग्ण हयात असल्यास त्याची स्वतःची, अनुमती घ्यावी. ती नावे आदल्या दिवशी आपल्या धर्मगुरूंकडे दिल्यास मिस्सेच्या हेतूंत वाचता येतील. मात्र दिवंगतांची यादी एका कागदावर आणि आजाऱ्यांची दुसऱ्या कागदावर लिहून द्यावी. दोन्ही एकत्र झाल्या की वेदीवर वाचणाऱ्याकडून चूक होते, आणि समोरच्या बाकावर तो रुग्ण स्वतः बसलेला असतो.