फोटो बारा, तिथ्या किती?

नवं वर्ष जवळ आलं की घरच्यांचे फोटो छापलेलं कॅलेंडर भेट द्यायची कल्पना पुष्कळांना सुचते. मोबाइलमध्ये फोटो ढीगभर, ऑनलाइन छापून देणारे भरपूर, तासाभरात ऑर्डर जाते. पण नंतर त्या कॅलेंडरचं काय होतं, ते पाहिलंय? ते दिवाणखान्यात शोभेला राहतं आणि स्वयंपाकघरात, जिथे कॅलेंडर खरंच लागतं, तिथे कालनिर्णयच टांगलेलं असतं. १९७३ पासून ते मराठी भिंतींवर टिकून आहे, कारण त्यात चतुर्थी-एकादशी सापडते आणि दुधाचा खाडा लिहायला जागा असते.

येत्या जानेवारीत आमच्या इंदूरच्या घरी आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. हजार पौर्णिमा पाहायला साधारण ८० वर्षं १० महिने लागतात. आजीला साडी नको, दागिना नको, म्हणून आम्हा नातवंडांनी कॅलेंडर ठरवलं. माझी अट एकच होती: ते स्वयंपाकघरात लागलं पाहिजे.

मग पहिला प्रश्न फोटोंचा नव्हता, तारखांचा होता. आमच्याकडे हे काम आजोबांचं. दरवर्षी नवं पंचांग आणायचं आणि घरातल्या तिथ्या लाल पेनने कॅलेंडरवर उतरवायच्या: चंपाषष्ठीचा नैवेद्य, बोडण, पणजोबांचं श्राद्ध, तिथीने येणारे वाढदिवस. ते गेल्यापासून या तिथ्या फक्त आजीच्या डोक्यात आहेत. तिला विचारल्याशिवाय आमच्यातल्या कुणालाही एकही सांगता येत नाही. म्हणून सरप्राइज फक्त फोटोंचं ठेवलं. तारखा दोन दुपारी तिच्याजवळ बसून लिहून घेतल्या, एकूण एकतीस निघाल्या. आत्याच्या सासरच्या दोन तिथ्या तिला आत्यापेक्षा चांगल्या पाठ आहेत, हे आत्याला सांगू नका.

गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवरून या तिथ्या उतरवता येत नाहीत. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक मास आला की एकदम पुढे जाते. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला बसले, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला बसतील, कारण १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे.

आपल्यासारख्या माळव्यातल्या, ग्वाल्हेरकडच्या घरांना आणखी एक अडचण आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांचं जमतं, वद्य पक्षात महिन्याचं नाव बदलतं. अहिल्यादेवींची पुण्यतिथी घ्या. आपल्या हिशेबाने ती श्रावण वद्य चतुर्दशी, शहरात सगळे म्हणतात भाद्रपद कृष्ण चतुर्दशी. दिवस एकच, म्हणून पालखीला गोंधळ होत नाही.

घरात मात्र होऊ शकतो. आजोबांची तिथी ज्येष्ठ वद्य पंचमी. माझ्या चुलतभावाने मोबाइलवरच्या हिंदी पंचांगात ‘ज्येष्ठ कृष्ण पंचमी’ शोधली, तर मे महिन्याचा पहिला आठवडा आला. आपल्या पंचांगाप्रमाणे ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात आहे. एरवी अशा घोळात एका महिन्याचा फरक पडतो, पण २०२६ मध्ये मधे अधिक मास असल्याने दोन महिन्यांचा पडला. अधिकातली पंचमी धरायची की निजातली, हेही आजीलाच विचारलं. ‘निजातली,’ ती म्हणाली, ‘तुझे आजोबा वटपौर्णिमेनंतर गेले, एवढं लक्षात ठेव.’ २०२६ ची वटपौर्णिमा २९ जूनला आहे. आता आम्ही जुलैच्या पानावर तारखेखाली ‘निज ज्येष्ठ व. ५’ असं पूर्ण छापलं आहे. तुमच्या घरच्या तिथ्या लिहून घेताना पंचांग कोणतं, हे शेजारी लिहाच.

फोटो त्यानंतर निवडले. महिन्याला एकच फोटो घ्या. नऊ चौकोनांचं कोलाज स्क्रीनवर छान दिसतं, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना त्यात कोण कुठे आहे ते कळत नाही. बारा महिने एकाच बाळाचा चेहराही नको, घरात इतर माणसंही राहतात. मार्चला आम्ही रंगपंचमीच्या गेरमधला फोटो लावला, त्यात काका गुलालामुळे ओळखू येत नाहीत, तरी तोच लावला. जुलैला आजोबा आहेत. हार घातलेला फोटो नाही, सराफ्यात रात्री अकरा वाजता भुट्ट्याचा कीस खातानाचा. डॉक्टरांनी बंदी घातल्यानंतरचा आहे, आजीला तो लगेच ओळखू येईल.

जुने फोटो अल्बमच्या चिकट पानावरून ओढून काढू नका, फाटतात. पानासकटच स्कॅन करा, किंवा खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, मोबाइल सरळ वर धरून टिपा. नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर फोटो आकसून येतो. ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयला नीट छापायचं तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. कमी असतील तर फोटो लहान छापा, ताणू नका.

कागदाच्या बाबतीत छपाईवाल्याचं ऐकू नका. तो गुळगुळीत, चमकदार कागद पुढे करेल. त्यावर बॉलपेन चालत नाही आणि शाई बोटाला लागते. फोटोचा भाग कसाही असो, तारखांचं पान मॅट घ्या आणि नमुन्याच्या कागदावर दुकानातच लिहून बघा. आकडे मोठे हवेत, चौकोन रिकामा हवा. तयार साच्यात कधीकधी परदेशी सुट्ट्या आधीच भरलेल्या असतात, त्या काढायला सांगा. पाडव्यापासून सुरू होणारं कॅलेंडरही छापून मिळतं आणि मला ते फार आवडलं होतं, पण आजीची पेन्शन आणि गॅसचा सिलिंडर इंग्रजी महिन्याने येतात, म्हणून जानेवारीच ठेवला.

प्रूफ मोबाइलवर न पाहता कागदावर काढून वाचायला आत्याकडे दिलं. नावांच्या वेलांट्या तिच्या नजरेतून सुटत नाहीत. चार प्रती छापल्या: आजीला, ग्वाल्हेरला आत्याला, पुण्याला चुलतभावाला आणि एक मला. आजीच्या प्रतीला वरच्या भोकातून जाड दोरा ओवून लाल पेन बांधलं आहे.