बालकादंबरीद्वारे प्राथमिक स्तरावरील शब्दसंपत्तीचा विकास : ‘श्यामची आई’च्या विशेष संदर्भात

सारांश : प्राथमिक स्तरावर शब्दसंपत्तीचे अध्यापन बहुधा पाठाखालील शब्दार्थांच्या यादीपुरते मर्यादित राहते. प्रस्तुत लेखात साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकाच्या आधारे चौथी-पाचवीच्या वर्गात शब्द कसे शिकविता येतील, याचे विवेचन केले आहे. त्यासाठी हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यातील गोरेगाव परिसराची बोली संदर्भ म्हणून घेतली आहे. मुलाची बोली हा शब्दशिक्षणातील अडथळा नसून तीच त्याची पहिली पायरी होय, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : शब्दसंपत्ती, बालकादंबरी, बोली, प्रमाणभाषा, प्राथमिक शिक्षण.

१. प्रस्तावना

‘श्यामची आई’ या शीर्षकातील ‘आई’ हा शब्द महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला कळतो, असे आपण गृहीत धरतो. तो कळतो हे खरे. परंतु गोरेगाव परिसरातील अनेक घरांत मूल ज्या शब्दाने हाक मारते तो शब्द ‘माय’ हा आहे, आणि तांड्यावरील बंजारा घरात तो ‘याडी’ असा आहे. म्हणजे मुखपृष्ठावरील दुसऱ्या शब्दापासूनच मूल एक लहानसे भाषांतर करीत असते. शिक्षकाला याची जाणीव असेल तर हे भाषांतर मुलाचे सामर्थ्य ठरते. जाणीव नसेल तर मुलाच्या वाट्याला ‘शुद्ध बोल’ एवढीच सूचना येते. ही सूचना वारंवार मिळालेले मूल नवा शब्द शिकण्याऐवजी वर्गात बोलणेच सोडून देते. शब्दसंपत्तीचा प्रश्न हा त्यामुळे केवळ शब्दांच्या संख्येचा राहत नाही. मूल वर्गात बोलते राहील की मुके होईल, असा तो प्रश्न आहे.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलांच्या बहुभाषिकतेकडे साधनसंपत्ती म्हणून पाहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घरच्या भाषेचे महत्त्व पुन्हा अधोरेखित केले आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने आकलनासह वाचनावर भर दिला. धोरणातील हे तत्त्व वर्गात कसे उतरवावे, हा प्रश्न मात्र शिक्षकासमोर उरतोच.

२. कादंबरीच का?

शब्द एकदा भेटून आपलासा होत नाही. नेगी, हर्मन व अँडरसन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे दिसले की, संदर्भातून अनोळखी शब्द शिकण्याचे प्रमाण एका वाचनात अल्प असते. परंतु वाचन विपुल असेल तर त्यातून होणारी एकूण वाढ मोठी असते. पाठ्यपुस्तकातील दोन पानांच्या पाठात शब्द एकदा येतो आणि जातो. दीर्घ कथानकात तीच माणसे, तेच घर, तीच अंगणे पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शब्दही परत येतात. शिवाय पुढे काय झाले हे जाणण्याची ओढ मुलाला अनोळखी शब्दापाशी थबकू देत नाही. ते अंदाज करीत पुढे जाते.

‘श्यामची आई’ हे पुस्तक साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहावयास घेतले व ते १९३५ मध्ये प्रकाशित झाले. काटेकोर अर्थाने ते कादंबरी आहे की आत्मकथनपर कथामाला, याविषयी मतभेद संभवतात. परंतु एकच निवेदक आणि सलग जीवनपट यांमुळे वर्गात ते कादंबरीप्रमाणेच वाचले जाते. त्यातील बेचाळीस ‘रात्री’ हे तयार वाचनखंड आहेत. गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यामुळे साठ वर्षांची स्वामित्वहक्काची मुदत संपून २०११ पासून हा मजकूर सर्वांसाठी मुक्त आहे. ग्रंथालयात एकच प्रत असलेल्या शाळेलाही हव्या त्या रात्रीच्या प्रती काढून मुलांच्या हाती देता येतात.

३. शब्दांची निवड

प्रत्येक अनोळखी शब्द शिकविण्याचा प्रयत्न केल्यास कथा हातून निसटते. इझाबेल बेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मधील आपल्या ग्रंथात शब्दांचे तीन स्तर मांडले : रोजच्या बोलण्यातील शब्द, अनेक विषयांत उपयोगी पडणारे प्रगल्भ शब्द आणि विशिष्ट विषयापुरते शब्द. अध्यापनाचा मुख्य भर दुसऱ्या स्तरावर असावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे. येथील वर्गासाठी या विचाराला बोलीची जोड देऊन पुढीलप्रमाणे तीन गट करता येतील.

*(अ) वस्तू ओळखीची, नाव वेगळे.* कोकणातील घराची ‘पडवी’ येथील मुलाला ठाऊक नसते. पण ‘ओसरी’ वा जुन्या वाड्याची ‘ढाळज’ त्याने पाहिलेली किंवा ऐकलेली असते. ‘शेत’ हा शब्द त्याच्या घरी ‘वावर’ असतो, ‘बांध’ हा ‘धुरा’ असतो. येथे नवा अर्थ शिकवावयाचा नसतो. दोन नावांची गाठ घालून द्यावयाची असते.

*(आ) वस्तूच अनोळखी.* दापोलीजवळच्या लाडघरचा समुद्र हळद-सोयाबीनच्या प्रदेशातील बहुतेक मुलांनी पाहिलेला नसतो. नऊवारी लुगड्याचा ‘ओचा’ हाही आता आजीपुरताच उरला आहे. अशा शब्दांना चित्र, वस्तू किंवा माणूस लागतो. केवळ प्रतिशब्द पुरत नाही.

*(इ) विचाराचे व भावनेचे शब्द.* भूतदया, स्वाभिमान, अब्रू, मनोरथ हे शब्द अनेक प्रकरणांच्या शीर्षकांतच आहेत. शाळेच्या पुढील सर्व इयत्तांत ते उपयोगी पडतात. सर्वाधिक वेळ या गटाला द्यावा.

एका रात्रीसाठी सहा ते आठ शब्द पुरेसे आहेत.

४. अध्यापनाची रीत : तीन उदाहरणे

*‘पत्रावळ’ :* श्यामला पत्रावळ लावता येत नाही आणि अखेर तो ती शिकतो, एवढाच या प्रकरणाचा विषय. गोरेगावच्या माळरानावर पळस आहे आणि पळसाच्या पानांची पत्रावळ लग्नाच्या पंगतीत वाढलेल्या पिढीला चांगली आठवते. वाचनापूर्वी पळसाची पाने व काड्या वर्गात आणून प्रत्येकाने एक पत्रावळ लावावी. हात चालू असताना देठ, शीर, टोचणे, जोडणे, द्रोण, पंगत हे शब्द आपोआप तोंडी येतात. त्यानंतर वाचलेले प्रकरण मुलाला परके वाटत नाही. क्रियापदे कृतीतून शिकवावीत, हे तत्त्व येथे सहज साधते.

*‘थोर अश्रू’ :* आंघोळ झाल्यावर तळव्यांना घाण लागू नये म्हणून श्याम आईला ओचे पसरावयास लावतो आणि आई त्याला पायांप्रमाणे मनही स्वच्छ ठेवावयास सांगते. ‘ओचा’ म्हणजे काय, हे मुलांनी घरी आजीला विचारून यावे. शब्द शाळेतून घरी जातो आणि घरून अर्थ घेऊन परत येतो. ज्या आजीला शाळेने कधी काही विचारले नाही ती येथे जाणकार ठरते. पुढचा टप्पा लाक्षणिक अर्थाचा. पायाला लागते ती घाण दिसते. मनाला लागणारी घाण कोणती? ‘स्वच्छ’, ‘मळणे’, ‘निर्मळ’, ‘डाग’ हे शब्द वस्तूवरून मनाकडे कसे सरकतात, हे चौथीचे मूलही समजू शकते. शब्दार्थांच्या यादीतून हे कधीच शिकविता येत नाही.

*‘सांब सदाशिव पाऊस दे’ :* पावसासाठी गाव देवाला साकडे घालतो, हा प्रसंग मराठवाड्यात वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. कडुनिंबाचा पाला बांधून ‘धोंडी’ काढण्याची रीत येथील मुलांना माहीत असते वा वडीलधाऱ्यांकडून कळते. कोकणातील अभिषेक आणि येथील धोंडी यांची तुलना करताना अवर्षण, दुष्काळ, अभिषेक, प्रार्थना हे शब्द अनुभवाला चिकटतात.

या तिन्ही उदाहरणांत क्रम एकच आहे : आधी अनुभव व घरचा शब्द, नंतर कथा, शेवटी मुलाचे स्वतःचे वाक्य. वाचन शिक्षकाने प्रकट करावे व अर्थ सांगण्यासाठी मध्ये वारंवार थांबू नये. प्रत्येक मुलाची एक शब्दवही असावी आणि तीत तीन रकाने असावेत : पुस्तकातला शब्द, घरचा शब्द, माझे वाक्य. तांड्यावरच्या मुलाने मधल्या रकान्यात गोरबोलीतील शब्द देवनागरीत लिहावा. मूल्यमापनात अर्थ पाठ म्हणवून घेऊ नये; कथा आपल्या शब्दांत सांगताना नवे शब्द मुलाच्या तोंडी येतात काय, हे पाहावे.

५. मर्यादा व दक्षता

या पुस्तकातील कुटुंब विसाव्या शतकाच्या आरंभीचे, कोकणातील पालगडचे व ब्राह्मण आहे. सोवळे, श्राद्ध, नैवेद्य हे शब्द प्रत्येक मुलाच्या घरचे नाहीत. ते ‘प्रमाण संस्कृतीचे’ शब्द म्हणून न शिकविता एका काळातील एका घराचे शब्द म्हणून शिकवावेत. ‘देवाला सारी प्रिय लेकरे’ या प्रकरणात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वृद्धेची मोळी उचलून देण्यास आई श्यामला सांगते. तेथे येणारे जातिवाचक शब्द वर्गातील कोणत्याही मुलाला बोचणार नाहीत, अशा इतिहासाच्या भानानेच ते हाताळले पाहिजेत. तसेच हे एकच पुस्तक पुरेसे नाही. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेच्या धावपळीत गतीची क्रियापदे विपुल मिळतात. शहर, प्रवास, शोध यांच्या शब्दांसाठी तशी पुस्तके जोडीला घ्यावीत.

६. समारोप

गोरेगावच्या मुलाला पालगडची पडवी शिकविताना त्याची ढाळज पुसावी लागत नाही. उलट ढाळजेत उभे राहूनच त्याला पडवी दिसते. ज्या मुलाजवळ ‘माय’ आणि ‘आई’ हे दोन्ही शब्द आहेत, आणि कोणता कोठे वापरावा हे ज्याला कळते, त्याची भाषा एकच शब्द असलेल्या मुलापेक्षा संपन्न आहे. अध्यापक विद्यालयांनी व महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आपापल्या परिसरातील अशा शब्दजोड्यांचे संकलन हाती घेतल्यास प्राथमिक शिक्षकाला त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल. बोलीचा अभ्यास आणि प्राथमिक शिक्षण ही आज दोन वेगळ्या टेबलांवरची कामे आहेत. एका बालकादंबरीच्या निमित्ताने ती एकत्र आणता येतात.