पोलिओ निर्मूलन आणि तोंडी लसीचा पेच

देवी रोगाचे निर्मूलन झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले. त्यानंतर आठच वर्षांनी, १९८८ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्षिक सभेने पोलिओ जगातून नष्ट करण्याचा ठराव केला. त्या वेळी सव्वाशे देशांत दरवर्षी सुमारे साडेतीन लाख जणांना, बहुतांशी बालकांना, पोलिओमुळे पंगुत्व येत असे. उद्दिष्टपूर्तीसाठी २००० हे साल ठरले होते. ते उलटून पाव शतक लोटले तरी कार्य अपुरेच आहे. या विलंबाचे खापर सामान्यतः निधीवर, युद्धांवर आणि लोकांच्या अज्ञानावर फोडले जाते. ही कारणे खरी आहेत; परंतु ज्या लसीने एवढी मजल गाठता आली तिच्या गुणधर्मातही या विलंबाचे एक मूळ आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

देवीचा प्रत्येक रोगी डोळ्यांना दिसे. पोलिओचे तसे नाही. सुमारे दोनशे बाधितांपैकी एखाद्यालाच पक्षाघात होतो. उरलेले निरोगी दिसत असतानाही मलावाटे विषाणू पसरवीत राहतात. साबिन यांची तोंडावाटे द्यावयाची लस येथेच उपयोगी पडली. तिच्यातील दुर्बल केलेला जिवंत विषाणू आतड्यात वाढतो, तेथे प्रतिकारशक्ती निर्माण करतो आणि शेजारच्या मुलांपर्यंतही पोहोचतो. साल्क यांच्या टोचून देण्याच्या लसीमुळे पक्षाघात टळतो, पण आतड्यातील संरक्षण तितकेसे मिळत नाही. शिवाय दोन थेंब पाजण्यास सुई लागत नाही आणि खर्चही अल्प.

तथापि पश्चिम उत्तर प्रदेश आणि बिहार येथे हे थेंब निष्प्रभ ठरू लागले. १९९५ पासून पल्स पोलिओ मोहीम सुरू होती. अनेक मुलांना दहा-दहा मात्रा मिळूनही रोग हटेना. दाट वस्ती, दूषित पाणी आणि अतिसार यांमुळे लसीचा विषाणू आतड्यात रुजतच नव्हता. उत्तर प्रदेशात त्रिगुणी लसीच्या एका मात्रेची परिणामकारकता जेमतेम नऊ टक्के असल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. म्हणजे दोष केवळ पालकांच्या नकाराचा नव्हता. २००५ पासून एकाच प्रकारच्या विषाणूची व २०१० पासून द्विगुणी लस वापरात आली, कोसी नदीच्या पूरक्षेत्रातील वस्त्यांपर्यंत पथके पोहोचली. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते. २०११ मध्ये एकच, हावडा जिल्ह्यातील एक बालिका. मुंबईच्या एंटेरोव्हायरस संशोधन केंद्राने सांडपाण्याचे नमुने तपासून या कार्यास मोठा आधार दिला. रुग्ण नसतानाही विषाणू आहे काय, हे गटारच सांगू शकते. २७ मार्च २०१४ रोजी दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला.

आता पेचाकडे वळू. ज्या भागात लसीकरण तुरळक असते तेथे लसीतील दुर्बल विषाणू मुलांमुलांतून दीर्घकाळ फिरत राहतो, त्याच्यात उत्परिवर्तने होतात आणि तो पुन्हा पक्षाघात घडवू लागतो. दुसऱ्या प्रकारचा वन्य, म्हणजे निसर्गात मूळचा, विषाणू १९९९ मध्ये अलिगढ येथे अखेरचा आढळला होता. त्यानंतरही त्रिगुणी लसीत तो घटक ठेवल्याने लाभापेक्षा धोकाच अधिक होता. म्हणून एप्रिल-मे २०१६ मध्ये जगभर तो एकाच वेळी वगळण्यात आला. निर्णय तर्कशुद्ध होता. पूर्वतयारी मात्र अपुरी होती. टोचण्याच्या लसीचा पुरवठा तोकडा पडला आणि आधीच पसरलेल्या लसजन्य विषाणूस नव्याने जन्मलेली, आतड्यात संरक्षण नसलेली मुले सापडली. २०२० मध्ये वन्य विषाणूचे जगात १४० रुग्ण आढळले, तर लसजन्य विषाणूचे हजाराहून अधिक, त्यांतील बरेचसे आफ्रिकेत.

याच वर्षी अधिक स्थिर जनुकरचनेच्या नव्या तोंडी लसीस आणीबाणीच्या वापरासाठी मान्यता मिळाली. २०२४ मध्ये गाझा येथे दुसऱ्या प्रकारच्या लसजन्य विषाणूने एका तान्ह्या बालकास पक्षाघात झाला, तेव्हा युद्ध चालू असताना हीच लस पाजण्यात आली. वन्य विषाणूचा स्थानिक प्रसार आज पाकिस्तान आणि अफगाणिस्तान येथेच उरला आहे. तेथून तो नष्ट झाल्यावर तोंडी लस सर्वत्र थांबवावी लागेल, आणि त्याआधी प्रत्येक देशातील नियमित लसीकरणात टोचण्याची लस पुरेशा प्रमाणात पोहोचलेली असावी लागेल. २०१६ मध्ये नेमके हेच राहून गेले होते.