बँकांच्या दप्तराची झडती

चिंतामणराव देशमुखांचे नाव निघाले की मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी दिलेला अर्थमंत्रिपदाचा राजीनामा, किंवा फार तर त्यांनी मराठीत आणलेले ‘मेघदूत’, एवढेच महाराष्ट्राला स्मरते; परंतु रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदावर असताना त्यांच्या अमदानीत बँकांच्या तपासणीचे जे एक रूक्ष काम उभे राहिले, ते या दोहोंहून दूरवर पोहोचले, असे माझे मत आहे.

रायगडाजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले हे आय.सी.एस. अधिकारी मध्यप्रांतात जमाबंदीचे काम करून मुरलेले होते. १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि तेव्हाचे गव्हर्नर सर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी तिचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले.

त्या काळी रिझर्व्ह बँकेचा अंमल फारच तोकडा होता. पाच लाखांचे भांडवल व गंगाजळी असलेल्या शेड्यूल्ड बँकेने मागणी ठेवींच्या पाच टक्के आणि मुदत ठेवींच्या दोन टक्के रक्कम तिच्याकडे ठेवावी व नियमित तक्ते धाडावेत, की कायद्याची भूक भागली. तिजोरीच्या आत काय चालले आहे हे पाहण्याची मुखत्यारी तिला नव्हती. १९३८ साली त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली, तरीही हा प्रकार तसाच राहिला. आणि पुढे महायुद्धाने बाजारात पैशाचा पूर आणला तेव्हा तर नव्या बँका व शाखा गल्लोगल्ली निघाल्या, आणि ठेवीदारांचा पैसा संचालकांच्याच पेढ्या-कारखान्यांत विनातारण जिरू लागला.

जानेवारी १९४६ च्या वटहुकुमाने तपासणीचा अधिकार आला, पण तोही सरकारने फर्माविले तरच. आता तपासनीस रोकड कीर्दीशी ताडून पाही, मग कर्जखाती एकेक करून उलगडी: कर्जदार कोण, तारण कोणते, आणि व्याज खरोखर रोखीने आले की मुद्दलातच मिळवून मेलेले खाते जिवंत भासविले. साऱ्या तपासणीचे मर्म या शेवटच्या प्रश्नात असे. गावोगावचे दप्तर पडताळणाऱ्या जमाबंदी अधिकाऱ्याला हे नवे नव्हतेच!

१६ मार्च १९४९ रोजी अंमलात आलेल्या बँकिंग कंपन्यांच्या कायद्याने परवाना सक्तीचा केला, संचालकांना विनातारण कर्ज देण्यास मनाई केली आणि रिझर्व्ह बँकेला आपण होऊन तपासणी करण्याची मुभा दिली. त्याच वर्षीच्या १ जानेवारीस बँक सरकारच्या मालकीची झाली होती; जूनअखेर देशमुख पायउतार झाले आणि अंमलबजावणीचा भार नवे गव्हर्नर बेनेगल रामराव यांच्यावर आला.

मात्र दोष दिसणे आणि दोषावर वेळीच हात घालणे यांत अंतर राहिलेच. पलई सेंट्रल बँकेचे दोष तपासणीत वर्षानुवर्षे नोंदले जात होते. तरी ती बंद झाली १९६० साली, आणि त्यानंतरच दुबळ्या बँकांच्या सक्तीच्या विलीनीकरणाचे अधिकार व ठेवींचा विमा या गोष्टी कायद्यात आल्या.