खटका दांड्यात, खाच गिअरबॉक्समध्ये

स्वयंचलित गिअर असलेल्या मोटारीत चालकाच्या हाताशी असणारा दांडा स्वतः गिअर बदलत नाही. तो गिअरबॉक्सला केवळ आज्ञा पोहोचवतो. ही आज्ञा ज्या तारेवरून जाते, ती तार थोडी सैल किंवा थोडी ताणलेली राहिली, तर दांड्यावर ‘डी’ (ड्राइव्ह) हे अक्षर दिसत असतानाही गिअरबॉक्स ‘डी’च्या खाचेत पूर्ण बसलेला नसतो. दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यातील हा मेळ घालण्याच्या कामाला गॅरेजच्या भाषेत ‘केबल सेट करणे’ म्हणतात. कारखान्याचा दांडा काढून त्याजागी बाजारातून आणलेला रॅचेट पद्धतीचा दांडा बसवला असेल, तर ते काम अधिक काटेकोरपणे करावे लागते, कारण अशा वेळी एका कंपनीचा दांडा दुसऱ्या कंपनीच्या गिअरबॉक्सशी जुळवायचा असतो आणि दोघांची मापे जन्मतः सारखी नसतात.

खानदेशाच्या रस्त्यांवर या विषयाला विशेष महत्त्व आहे. धुळे शहरात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात आणि त्यांपैकी दुसरा पुढे जळगाव-भुसावळमार्गे विदर्भात जातो. शिरपूरच्या पुढे मध्य प्रदेशाच्या सीमेवर पळासनेर आणि बिजासनचा उतार आहे, साक्रीकडून नवापूरकडे जाताना कोंडाईबारीचा घाट आहे, तर चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट वाहनांच्या ब्रेकची खरी परीक्षा घेतो. जुलै २०२३ मध्ये पळासनेर येथे एक अवजड मालवाहू वाहन रस्त्यालगतच्या हॉटेलात घुसून अनेकांचा जीव गेला, तेव्हा ब्रेक निकामी झाल्याचे कारण पुढे आले होते. उतारावर केवळ ब्रेकवर विसंबू नये आणि खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधाने वेग आवरावा, हे ट्रकचालक पूर्वीपासून जाणतात. स्वयंचलित मोटारीत हाच आधार दांडा ‘२’ किंवा ‘एल’ (काही दांड्यांवर ‘१’) या स्थितीत आणून मिळतो, मात्र दांड्याची ती आज्ञा गिअरबॉक्सपर्यंत नेमकी पोहोचली तरच.

आज्ञा कशी पोहोचते, हे आधी समजून घेतले पाहिजे. पारंपरिक स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तेलाच्या दाबावर चालणारे अनेक क्लच असतात आणि कोणत्या क्लचकडे तेल सोडायचे हे ‘व्हॉल्व्ह बॉडी’ नावाचा, आत बारीक वाटा कोरलेला धातूचा ठोकळा ठरवतो. त्या ठोकळ्यात पुढेमागे सरकणारी एक दांडी असते. तिला ‘मॅन्युअल व्हॉल्व्ह’ म्हणतात, कारण तीच एकटी थेट चालकाच्या हाताशी जोडलेली असते. गिअरबॉक्सच्या बाहेर दिसणारा छोटा लोखंडी हात फिरवला की आतली दांडी सरकते आणि प्रत्येक स्थितीत एक स्प्रिंगदार चाक खाचेत जाऊन बसते, त्यामुळे ती स्थिती आपोआप पक्की राहते. ही खाच म्हणजेच गिअरबॉक्सचा स्वतःचा खटका होय. चालकाच्या दांड्यालाही वेगळा खटका असतो आणि हे दोन खटके एकाच क्षणी, एकाच जागी पडले पाहिजेत, एवढेच या सगळ्या जुळवणीचे सार आहे. ते तसे पडले नाहीत तर मॅन्युअल व्हॉल्व्ह दोन वाटांच्या मध्ये अडकतो, क्लचकडे जाणाऱ्या तेलाचा दाब अपुरा पडतो, क्लच प्लेटा घट्ट न धरता घासत राहतात आणि जळू शकतात. पुष्कळदा अशा वेळी दोष गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो आणि मोठा खर्च ओढवतो, प्रत्यक्षात मात्र चूक एका नटाच्या काही फेऱ्यांची असते.

दांड्यावरील अक्षरांच्या क्रमालाही इतिहास आहे. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींत ‘हायड्रामॅटिक’ हा स्वयंचलित गिअरबॉक्स आणला, तेव्हा त्याच्या दांड्यावर रिव्हर्सची जागा पुढे जाण्याच्या खालच्या गिअरला लागून होती, त्यामुळे हाताच्या एका चुकीने मोटार उलट दिशेने जाण्याचा धोका होता. पुढे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या सुरक्षा मानकाने पुढच्या आणि मागच्या गिअरमध्ये न्यूट्रल असणे बंधनकारक केले आणि आज सर्वत्र दिसणारा पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह हा क्रम स्थिरावला. त्यानंतरही प्रश्न संपला नाही. फोर्डच्या काही मोटारी पार्कमध्ये ठेवल्यावर आपोआप रिव्हर्समध्ये सरकतात, अशा तक्रारींवरून १९८० च्या सुमारास दोन कोटींहून अधिक वाहनांच्या मालकांना इशाऱ्याचे स्टिकर पाठवण्याची वेळ आली. दांडा खाचेत पूर्ण बसणे ही किती गंभीर बाब आहे, हे त्या प्रकरणाने जगाला दाखवून दिले.

रॅचेट म्हणजे दातेरी चाक आणि त्यात अडकणारी खिटी. हँडब्रेक ओढताना होणारा कटकट आवाज याच रचनेचा असतो; खिटी एका दातावरून दुसऱ्यावर जाते आणि मागे फिरू देत नाही. रॅचेट दांड्यात हीच युक्ती गिअर बदलण्यासाठी वापरलेली असते, म्हणजे दांडा एकदा ढकलला की तो एकच गिअर पुढे जातो, दोन नव्हे. तिची गरज शर्यतीतून निर्माण झाली. नेहमीच्या दांड्यावर पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून ड्राइव्हमध्ये जाताना दांडा पुढे ढकलावा लागतो, पण ड्राइव्हच्या पुढचे घर न्यूट्रलचे असते. घाईत जोर जास्त लागला तर मोटार न्यूट्रलमध्ये जाते आणि भार सुटलेले इंजिन बेफाम फिरून मोडू शकते. रॅचेट हा अतिरेक रोखतो आणि रिव्हर्समध्ये जाण्यासाठी वेगळी कळ दाबल्याशिवाय वाट देत नाही. बी अँड एम आणि हर्स्ट या अमेरिकी कंपन्यांची नावे या साधनाशी जोडलेली आहेत. रॅचेट दांड्याचे हे संच प्रामुख्याने अमेरिकी गिअरबॉक्ससाठी बनतात. खानदेशातील गॅरेजमध्ये येणाऱ्या बहुतेक स्वयंचलित मोटारींत कारखान्याचाच दांडा असतो, मात्र तार जुळवण्याचे तत्त्व दोन्हींत एकच आहे.

जुळवणीची सुरुवात दांड्यापासून न करता गिअरबॉक्सपासून केली पाहिजे, आणि नेमके येथेच पुष्कळ मिस्त्री चुकतात. मोटार सपाट जागेवर, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावून आणि पक्क्या स्टँडवर उभी करावी, कारण तार सोडवून गिअरबॉक्सचा हात फिरवला की पार्कचा आधार नाहीसा होतो आणि मोटारीखाली माणूस असतो. तार गिअरबॉक्सच्या हातापासून सोडवल्यावर तो हात बोटांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावा आणि खटके मोजावेत. तीन गिअरच्या जुन्या अमेरिकी गिअरबॉक्समध्ये पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, दोन आणि एक असे सहा खटके जाणवतात. त्याच घराण्यातील चार गिअरच्या गिअरबॉक्समध्ये बहुधा एक जास्त असतो. रॅचेट दांड्यातील दातेरी पट्टी या संख्येशी जुळणारीच निवडावी लागते, कारण सहा खाचांच्या गिअरबॉक्सवर सात घरांची पट्टी बसवली तर पुढची कोणतीही जुळवणी निष्फळ ठरते.

यानंतर गिअरबॉक्सचा हात पार्कच्या खाचेत ठेवावा, चालकाचा दांडाही पार्कमध्ये आणावा आणि तारेच्या टोकावरील आटे फिरवून तिची लांबी अशी ठेवावी, की जोडणारी पिन हाताच्या छिद्रात बोटाच्या हलक्या स्पर्शाने सरकेल. काही संचांत ही जुळवणी पार्कऐवजी दुसऱ्या स्थितीत करण्याची सूचना असते. अशा वेळी संचासोबत आलेला कागदच प्रमाण मानावा. पिन बसवण्यासाठी तार ओढावी किंवा ढकलावी लागली, तर ती तार पुढे सतत त्या दिशेने जोर लावत राहते आणि स्प्रिंगदार चाकाला खाचेच्या तळातून कडेवर चढवते. पिन सहज बसल्यावरच लॉकनट आवळावा, आणि आवळताना तारेला पीळ बसू नये म्हणून दुसऱ्या पान्याने टोक धरून ठेवावे.

पार्क जुळले म्हणजे काम संपले, हा समज घातक आहे. तारेची लांबी बदलल्याने सर्व स्थिती एकाच दिशेने सरकतात, पण दोन स्थितींमधील अंतर त्याने बदलत नाही. ते अंतर गिअरबॉक्सच्या हाताची लांबी, म्हणजे आसापासून पिनच्या छिद्रापर्यंतचे माप ठरवते. म्हणून पार्क अचूक असूनही शेवटच्या ‘१’ या स्थितीत दांडा पोहोचतो आणि गिअरबॉक्स अर्ध्यावर राहतो, किंवा याच्या उलट घडते. असे झाल्यास तार पुन्हा पुन्हा फिरवत बसण्याऐवजी पिन दुसऱ्या छिद्रात घालावी किंवा त्या गिअरबॉक्ससाठी बनवलेला योग्य हात बसवावा. प्रत्येक स्थितीत पिन काढून पाहिली आणि गिअरबॉक्सचा हात जागचा हलला नाही, तर ती स्थिती खरी मानावी. ही तपासणी वेळखाऊ आहे, तरीही तिच्यात काटछाट करू नये.

नंतर सुरक्षा स्विच येतो. इंजिन फक्त पार्क आणि न्यूट्रलमध्येच सुरू व्हावे, यासाठी स्टार्टरच्या वाटेत एक स्विच असतो. ब्रेकवर पाय घट्ट ठेवून प्रत्येक स्थितीत किल्ली फिरवून पाहावी आणि ड्राइव्ह किंवा रिव्हर्समध्ये स्टार्टर फिरला तर मोटार रस्त्यावर आणू नये. मागचे पांढरे दिवे रिव्हर्समध्ये लागतात का, हेही त्याच वेळी पाहता येते.

जळगाव-भुसावळ पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तारेच्या टोकाला असलेले प्लॅस्टिकचे बुश या उष्णतेत कडक होऊन तडकतात, तर काळ्या मातीची बारीक धूळ तारेच्या नळीत शिरून तिची हालचाल जड करते. तार धुराच्या नळीपासून दूर न्यावी, तिला तीव्र वळण देऊ नये आणि नळीचे रबरी टोपण फाटले असल्यास आधी ते बदलावे. दांड्यात ‘प्ले’ वाढला, म्हणजे हाताला मोकळी हालचाल जाणवू लागली, तर नट फिरवण्याआधी बुश पाहावा. झिजलेल्या बुशावर केलेली जुळवणी फार दिवस टिकत नाही.

सध्या लहान मोटारींत वाढलेला एएमटी हा प्रकार यातून वेगळा काढला पाहिजे. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओतून भारतात रुजलेल्या या पद्धतीत साध्या गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर यंत्रच हलवते आणि दांडा केवळ विजेचा स्विच असतो, त्यामुळे तेथे जुळवण्यासारखी तार नसते व दोष संगणकावर शोधावा लागतो. इनोव्हा क्रिस्टाच्या स्वयंचलित आवृत्तीसारख्या, टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या पारंपरिक स्वयंचलित मोटारीत मात्र वर सांगितलेले तत्त्व लागू पडते. बाहेरचा दांडा बसवू पाहणाऱ्याने मोटार वाहन कायद्याचे कलम ५२देखील ध्यानात ठेवावे. नोंदणीपुस्तकातील तपशील मूळ रचनेपासून वेगळे पडतील असे फेरफार ते रोखते, आणि वॉरंटीचा प्रश्न तर वेगळाच असतो.

शेवटची चाचणी उतारावर घ्यावी. मोकळ्या, सौम्य उतारावर मोटार पार्कमध्ये ठेवून हँडब्रेक हळूहळू सोडला असता ती किंचित सरकून पार्कच्या दातावर अडली आणि तेथेच राहिली, तर पार्क खरा आहे. त्यानंतर संथ गतीने ‘२’ आणि ‘एल’मध्ये उतरून इंजिनाचा रोध जाणवतो का, हे पाहिल्याशिवाय मोटार औट्रम किंवा कोंडाईबारीच्या घाटात नेऊ नये.