खुर्ची उलटी करून पाहा

ब्रिथ मिलाच्या वेळी आपल्या सिनेगॉगमध्ये दोन खुर्च्या मांडतात. एकीवर बाळाला मांडीवर घेणारा सांदाक बसतो. दुसरीवर कोणी मोठे माणूस बसत नाही, कारण ती एलियाहू हन्नाबीची. बाळाला क्षणभर त्या खुर्चीवर ठेवतात आणि मग सांदाकच्या मांडीवर देतात. हा रिवाज जगभरच्या ज्यू लोकांत आहे. ‘पिर्के द रब्बी एलिएझर’ या जुन्या ग्रंथात त्याचा आधार सापडतो: एलियाहू हा कराराचा दूत, म्हणून प्रत्येक मिलाला त्याच्यासाठी मानाची बैठक ठेवायची. आपण बेने इस्राएल तर एलियाहू हन्नाबीला विशेष मानणारे. मलिदा त्याच्या नावाने होतो, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात.

त्या खुर्चीला आपण हात लावून नमन करतो, पण ती कोणत्या लाकडाची, कोणत्या काळातली, हे क्वचितच कोणी पाहते. घरातल्या आजोबांच्या आरामखुर्चीचेही तेच. मग एके दिवशी ‘जुनी झाली’ म्हणून ती भंगारवाल्याकडे जाते. नाहीतर तिच्यावर फोम आणि रेक्झिन चढते, म्हणजे जवळजवळ तेच.

आधी शब्द पाहू. मराठी ‘खुर्ची’ फारसी-अरबी ‘कुर्सी’वरून आली. अरबीत तो शब्द अरामीतून आला, आणि हिब्रूतला ‘किस्से’ त्याच कुळातला. म्हणजे ‘किस्से शेल एलियाहू’ आणि ‘एलियाहूची खुर्ची’ यांत दोन भाषांतली दोन चुलत भावंडे आहेत. ओमानच्या बातिना किनाऱ्यावर, सोहारच्या आग्नेयेला असलेल्या सहम गावातही खुर्चीला कुर्सीच म्हणतात. हा किनारा आपल्याला अगदीच परका नाही. दहाव्या शतकातल्या दर्यावर्दी कथांत सोहारच्या इसहाक नावाच्या ज्यू व्यापाऱ्याची गोष्ट आहे. तो हिंदुस्थान आणि चीनच्या व्यापाराला गेला आणि धनवान होऊन परतला.

त्या किनाऱ्यावर मोठे इमारती लाकूड नव्हते. होता तो खजूर. खजुरीच्या झावळ्यांच्या दांड्या बांधून तिथले कोळी ‘शाशा’ नावाची होडी करत आणि झावळ्यांच्याच झोपड्या उभारत. मोठ्या गलबतांसाठी सागवान हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून जाई. घरात पाहुणे बसत ते मजलिसमध्ये, जमिनीवर, लोड-तक्क्यांना टेकून. कोकणात आपल्याकडेही फारसे वेगळे नव्हते. जेवायला पाट, पूजेला चौरंग, पुढच्या पडवीत झोपाळा, नाहीतर सारवलेली जमीन. टेकायला पाठ आणि हात असलेली उंच बैठक ही राजाची, नाहीतर धर्मकार्याची. एलियाहूसाठी खुर्ची ठेवण्यात मान का आहे, हे यावरून कळते.

रोजच्या वापरातली खुर्ची पश्चिम किनाऱ्यावर आणली मुख्यतः युरोपीयांनी, आधी पोर्तुगीजांनी, मग डच आणि इंग्रजांनी. आकृती त्यांची, पण लाकूड आणि हात इथले. ओक किंवा वॉलनटऐवजी सागवान आणि शिसवी आले. गादीऐवजी वेताची वीण आली, कारण पावसाळ्यात गादीला बुरशी धरते आणि उन्हाळ्यात घाम येतो. वेतातून वारा खेळतो. सरसही दमट हवेत सुटतो. म्हणून चांगला सुतार सांधा नुसत्या सरसावर सोडत नसे. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी मारत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत काळ्या शिसवीच्या कोरीव खुर्च्यांची मोठी चलती होती. पाठीवर वेली, पाने, फुले आरपार कोरलेली. पारशी घरांत अशा बैठका अजून दिसतात. माझे मत विचाराल तर दिसायला देखण्या, बसायला मात्र त्रासाच्या. कोरलेली पाने पाठीला टोचतात. त्यापेक्षा आरामखुर्ची शहाणी. मागे कललेली वेताची बैठक, आणि पाय टाकायला पुढे लांब जाणारे रुंद हात.

तिसरी ओळखीची खुर्ची इराण्याच्या हॉटेलातली, गोल बैठकीची आणि वाकवलेल्या पाठीची. तिचे मूळ मायकेल थोनेट या कारागिराकडे जाते. बीच लाकूड वाफेवर मऊ करून, लोखंडी साच्यात वाकवून त्याच्या कारखान्याने १८५९ मध्ये ‘नंबर १४’ ही खुर्ची काढली. लाकडाचे फक्त सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत आणि पोचल्या तिथे जोडल्या जात. १९३० पर्यंत सुमारे पाच कोटी विकल्या गेल्या असे सांगतात. कोरीव शिसवी खुर्ची एका कारागिराचे अनेक दिवस खात असे. ही खुर्ची कारखान्यातून डझनाने निघू लागली. खुर्चीच्या रचनेतला सगळ्यात मोठा बदल तो हाच.

आता आपल्या खुर्चीचे वय कसे ओळखायचे? तिला उलटी करा. वरून पॉलिश केलेले असते, खालून सहसा कोणी हात लावत नाही. खालच्या पट्टीवर करवतीच्या सरळ, थोड्या वेड्यावाकड्या रेषा असतील तर लाकूड बहुधा हाताने कापलेले. एकसारख्या कमानीसारख्या रेषा असतील तर यंत्राच्या गोल करवतीने. स्क्रूचे टोक बोथट आणि खाच मध्यापासून जरा सरकलेली असेल तर तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचा असू शकतो. टोकदार स्क्रू त्यानंतर रुळले. वेत पाहा: चौकटीला ओळीने भोके पाडून एकेक पट्टी ओवलेली आहे, की तयार जाळी खोबणीत दाबून बसवली आहे? पहिले हातकाम, दुसरे यंत्रयुगातले. पण एकाच खुणेवर विसंबू नका. वेत दर काही वर्षांनी बदलतातच, स्क्रूही बदलतात.

बाजारात साधारण शंभर वर्षांवरच्या वस्तूला अँटिक म्हणतात आणि त्याहून अलीकडच्या, पण आपल्या काळाची ओळख सांगणाऱ्या वस्तूला व्हिंटेज. हा फरक नुसत्या भावाचा नाही. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. इस्राएलला स्थायिक होताना पणजोबांची कोरीव खुर्ची सामानात टाकण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारावे.

शंभर वर्षे न झालेल्या खुर्चीचेही काय होते, ते चंदीगडकडे पाहून कळते. पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या घडवल्या गेल्या. पुढे त्या मोडक्या म्हणून लिलावात फुकापासरी गेल्या आणि परदेशी लिलावघरांत लाखोंना विकल्या गेल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीला आणि निर्यातीला मनाई केली, तोवर बऱ्याच गेल्या होत्या.

दुरुस्तीबद्दल थोडेसे. वेत सैल झाला असेल तर खालच्या बाजूने ओल्या फडक्याने भिजवून रात्रभर सावलीत ठेवा, बहुतेक वेळा तो ताणला जातो. तुटला असेल तर विणणारा शोधा. वर प्लायवूड ठोकू नका. पॉलिश करायचेच असेल तर लाखेचे करावे, कारण ते पुढे स्पिरिटने काढता येते. चकचकीत प्लास्टिकी वार्निश काढताना जुने लाकूडही खरवडले जाते. पायांजवळ बारीक पिवळसर भुसा दिसला तर कीड जिवंत आहे. ती खुर्ची आधी बाकीच्या सामानापासून दूर ठेवा.

आणि नावाच्या पट्ट्या. अनेक सिनेगॉगांत खुर्च्या-बाके कोणाच्या तरी स्मरणार्थ दिलेली असतात. पितळी पट्टी घासून घासून अक्षरे पुसट होतात, किंवा रंगवताना पट्टीच काढून ठेवतात आणि हरवते. कोकणातल्या कित्येक सिनेगॉगांत आता मिन्यान जमवणे कठीण आहे, तिथे हे सांगणारेही उरलेले नाहीत. तेव्हा मुलांनो, पुढच्या वेळी गेलात की प्रत्येक खुर्चीचे तीन फोटो काढा: समोरून, उलटी करून, आणि पट्टीचा. शेजारी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा: कोणी दिली, कोणत्या साली, वेत शेवटचा कधी विणला आणि कोणाकडून.